हात न लावता वाजणारं वाद्य घेताना

आमच्या खालच्या मजल्यावरची मुलगी खराडीला कुठल्याशा कंपनीत जाते. जाते म्हणजे आठवड्यातून दोनदा. बाकीचे दिवस ती घरात बसूनच मोठमोठ्याने इंग्रजी बोलते. परवा ती वर आली, मोबाइल माझ्या नाकासमोर धरला आणि म्हणाली, "आजी, तुमच्याकडे पूर्वी थेरेमिन होतं ना? मला एक ऑर्डर करायचंय. हे घेऊ की हे? ह्याला ब्लूटूथपण आहे."

ब्लूटूथ! स्थळ बघायला जावं आणि मुलाकडे छत्री आहे का ते विचारून परत यावं, त्यातला प्रकार. मी तिला म्हटलं, "आधी मला सांग, तुझ्या खोलीत लोखंडी कपाट कुठे आहे?" म्हातारी आता घसरली, असं तिच्या तोंडावर स्पष्ट दिसलं. मग मी तिला चहा दिला आणि पहिल्यापासून सांगायला बसले. सांगता सांगता माझंच मन कुठल्या कुठे गेलं.

ज्यांनी हे वाद्य पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. एक पेटी असते. तिच्या एका बाजूला उभी दांडी आणि दुसऱ्या बाजूला आडवी कडी. दोन्हींना हात लावायचा नाही. दांडीच्या जवळ हात नेला की सूर चढतो, लांब नेला की उतरतो. कडीच्या जवळ हात नेला की आवाज बारीक होतो, वर उचलला की मोठा होतो. वाजवणाऱ्याचं शरीर हाच विजेच्या मंडलाचा एक भाग असतो. मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे, त्यामुळे मला यात जादू वगैरे वाटत नाही. आमच्या शेजारच्या काकूंना मात्र ते वाद्य फार पसंत होतं. "शिवायचं नाही म्हणजे सोवळ्यातलं दिसतंय," म्हणाल्या.

हे बँकेत होते आणि व्हायोलिन वाजवायचे. हा क्रम बँकेचा; ह्यांचा क्रम उलटा होता. संध्याकाळी घरी आले की तोंड धुऊन व्हायोलिनची पेटी उघडायचे, आणि बैठक असेल त्या दिवशी पेटी उचलून चालू पडायचे. एका गायिकाबाईंना त्यांनी वर्षानुवर्षं साथ केली. आम्ही त्यांना नुसतं बाई म्हणायचो. बाई गायच्या उत्तम आणि बोलायच्या कमी. कौतुकाचं त्यांचं माप अस्सल पुणेरी होतं. बैठक रंगली तर "बरं झालं", आणि नाही रंगली तर "चहा छान होता". ह्यांच्या वाट्याला बहुतेक वेळा "बरं झालं" यायचं, आणि तेवढ्यावर हे घरी येऊन दोन पोळ्या जास्त खायचे. पण गाता गाता साथीदाराकडे वळून हात उचलावा, एखादी "वा" द्यावी, असं बाईंनी कधी केलं नाही. ह्यांना ते लागायचं. बोलायचे नाहीत, पण लागायचं.

निवृत्तीला थोडी वर्षं उरली असताना ह्यांच्या बोटांत संधिवात शिरला. नेमका डाव्या हाताच्या. पेरं सुजली, बोटं वाकडी झाली. तार दाबली की कळ थेट तोंडावर दिसायची. औषधं झाली, शेक झाले, कोणी सांगितलेले काढे झाले. शेवटी बाई स्वतः घरी आल्या आणि उंबऱ्यातच म्हणाल्या, "तुम्ही बरे झालात की या. तोवर मी दुसऱ्या कोणालातरी बघते." बरोबरच होतं त्यांचं. व्हायोलिन माळ्यावर गेलं. त्यानंतर रेडिओवर गाणं लागलं की हे चपला घालून बाहेर पडायचे. भांडण नाही, तक्रार नाही, नुसते बाहेर. दुपारी खिडकीशी बसून समोरच्या इमारतीच्या भिंतीकडे बघत राहायचे. मला भीती वाटायची. माणूस घरात आहे आणि घरात नाही, हे मी आधी माझ्या वडिलांच्या बाबतीत पाहिलं होतं आणि त्याचा शेवटही पाहिला होता.

थेरेमिन घरात आलं ते माझ्या विसरभोळेपणामुळे. कॉलेजच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मी बुधवार पेठेतून जुन्या रेडिओचे भाग आणून एक खेळणं बनवलं होतं. दोन मंडलं, दोघांच्या कंपनांत अगदी थोडा फरक, आणि तो फरक कानाला ऐकू येतो. एका मंडलाला सायकलची तार जोडलेली. त्या तारेजवळ हात नेला की ते कुत्र्याच्या पिल्लासारखं केकाटायचं आणि मुलं खिदळायची. त्या दिवशी मी चष्मा घरी विसरले, तो द्यायला हे आले. चष्मा माझ्या हातात दिला आणि तारेकडे बघत उभे राहिले. मग डावा हात पुढे केला. खेळणं केकाटलं. हात मागे घेतला, पुन्हा नेला, आणि हळूहळू त्यांनी त्या केकाटण्यात सा शोधून काढला. त्यावर थांबले. मग तिथून वर, न तुटता, पंचमापर्यंत मींड घेतली. मुलं खिदळायची थांबली. हे माझ्याकडे वळून म्हणाले, "अगं, इथे दाबायचं काहीच नाहीये."

मी तोंड फिरवून चष्मा पुसत बसले. स्वच्छच होता तो.

खेळणं घरी आलं आणि त्याचे दोष एकेक करून बाहेर पडले. थोडं तापलं की सूर आपोआप सरकायचा. हे सा धरून बसलेत आणि सा निघालाय रिषभाच्या वाटेला. आवाज कमीजास्त करायची कडी नव्हतीच, त्यामुळे एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना मधली सगळी फरफट ऐकू यायची. त्यातून लोखंडी कपाटाचं दार कोणी उघडलं तर सगळंच बदलायचं. हे कंटाळले नाहीत, पण मी कंटाळले. माझा भाचा तेव्हा अमेरिकेत होता. तिकडे ही वाद्यं नव्याने बनवतात असं कळलं होतं. दिवाळीत येताना एक घेऊन ये, असं मी त्याला फोनवर सांगितलं.

"मावशी, काळं आणू की लाकडी?" त्याचा पहिला प्रश्न.

माणूस एवढा शिकतो, सातासमुद्रापलीकडे जातो, आणि विचारतो काय तर रंग. मी म्हटलं, "रंग तुझ्या आवडीचा. बाकीचं मी सांगते ते दुकानात विचार." आणि एकेक सांगत गेले. दांडी आणि कडी दोन्ही आहेत का, की नुसती सुराची दांडी? चालू केल्यावर सूर जागेवर बसायला किती वेळ घेतो, आणि बसल्यावर बसून राहतो का? सूर खुंटीने जुळवता येतो का? कारण खोली बदलली, हवा बदलली, वाजवणाऱ्याने स्वेटर घातला तरी हे वाद्य पुन्हा जुळवावं लागतं. किती सप्तकं निघतात? आम्हाला तीन स्वच्छ हवीत. चौथं तुझ्याकडे ठेव. सा आणि रे यांच्यातलं अंतर सगळीकडे साधारण सारखं आहे का? आमच्या खेळण्यात ते खाली वीतभर होतं आणि वर बोटाच्या पेराएवढं. अगदी सारखं कुठल्याच वाद्यात नसतं हे मला ठाऊक होतं, पण किती कमीजास्त ते कळायला हवं.

"आणि त्याला तीन पिनांची जोडणी लागते का, तेही विचार," मी म्हटलं.

"मावशी, ते महत्त्वाचं आहे?"

"जमिनीचा आधार नसेल तर ते सुरात राहील कसं? तुझ्या मावसाजींच्या अंगातूनच मंडल पुरं होणार आहे ना?"

भाच्याने तेही लिहून घेतलं. मग म्हणाला, "मावसाजींना काही होणार नाही ना?" मी म्हटलं, "न आणलंस तर होईल."

ह्यांनी आतून ओरडून आपले दोन प्रश्न घातले. पहिला, बसून वाजवता येतं का. भाचा म्हणाला, "इथे सगळे उभे राहून वाजवतात." हे म्हणाले, "तिथे सगळे उभे राहून जेवतातही." दुसरा प्रश्न मला सुचलाच नव्हता. त्या वाद्यात सूर उजव्या हाताला असतो आणि आवाज डाव्या. व्हायोलिनवर बरोबर उलटं: सूर डाव्या हाताच्या बोटांत, आवाज उजव्या हातातल्या गजावर. "माझं सगळं शिकणं डाव्या हातात आहे," हे म्हणाले. "या वयात ते उजव्यात कसं उतरवणार?" भाच्याने दुकानात चौकशी केली. उत्तर सोपं निघालं. पेटी फिरवून मागच्या बाजूने वाजवायची, की दांडी आपोआप डाव्या हाताला येते. फक्त खुंट्या समोरच्या बाजूला जातात, आणि जुळवताना पेटीवरून वाकून बघावं लागतं.

वाद्य आलं. लाकडी. आमच्याकडची वीज त्याला झेपेना म्हणून मधे ट्रान्सफॉर्मरचा एक ठोकळा लावावा लागला, आणि आमच्या जुन्या भिंतीत दोनच पिनांची जोडणी असल्यामुळे वायरमनला बोलावून नीट अर्थिंग करून घ्यावं लागलं. चौरंगावर ठेवून मांडी घालून वाजवून पाहिलं, तर ह्यांचा उजवा गुडघा कडीपाशी आला. मनातल्या मनात ताल धरला की गुडघा हले आणि आवाज गुदमरे. मग पेटी उंच स्टुलावर गेली आणि हे पाठ टेकता येईल अशा खुर्चीवर. कपाट दुसऱ्या खोलीत गेलं. म्हणून मी त्या मुलीला कपाटाचं विचारलं होतं.

रियाज दुपारी. आमच्या भागात दुपारी सगळं जग झोपलेलं असतं, आणि या वाद्याला तेच लागतं: कोणी हलायचं नाही. मी चहा घेऊन स्वयंपाकघरातून आले की उंबऱ्यातच थांबायचं, हा नियम. मी पुढे पाऊल टाकलं की सूर बदलायचा. हातात कप धरून मी तिथे उभी राहायचे, चहावर साय धरायची, आणि ह्यांची वाकडी बोटं हवेत हळूहळू उघडायची, मिटायची. दाबायचं काहीच नव्हतं, त्यामुळे कळ नव्हती. त्या सायीच्या चहाइतका चांगला चहा मी त्यानंतर प्यायलेली नाही. तो काळ परत मिळणार असेल तर मी आजही त्या उंबऱ्यात उभी राहीन.

वर्ष उलटून गेल्यावर हे म्हणाले, "बाईंना बोलवावं म्हणतो." बोलताना माझ्याकडे बघत नव्हते. म्हणजे सगळं त्यावरच टांगलेलं होतं, हे मला कळलं. बाईंना पसंत पडलं तर हे पुन्हा वाजवणारे झाले. नाही पडलं तर हेही वाद्य माळ्यावर, व्हायोलिनच्या शेजारी. आणि मग खिडकी आणि समोरची भिंत.

बैठक आमच्याच बाहेरच्या खोलीत ठेवली. बाई आणि जुन्या ओळखीची चार माणसं. सतरंजी अंथरली आणि पुणेरी बैठकीत बसतात तशी माणसं वाजवणाऱ्याच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली. बाईंना एका कानाने कमी ऐकू यायला लागलं होतं, म्हणून त्या सगळ्यात जवळ, अगदी दांडीच्या बाजूला. विजेवरच्या तानपुऱ्यावर सूर लावून ह्यांनी बिहाग सुरू केला. मी जायफळाची कॉफी घेऊन दारात उभी होते.

सुरुवात फार सुरेख झाली. रोज दुपारी ऐकायची त्याहून सुरेख. आणि मग, नेमक्या रंगायला लागलेल्या जागी, पंचमावरून खाली येताना गंधार चढा लागला. थोडाथोडका नव्हे, चांगलाच. ह्यांनी सावरला. पुन्हा एक छान जागा आली, आणि पुन्हा सूर डळमळला. जितकं मन लावून वाजवावं तितकं ते बिघडत होतं. साध्या जागा नीट येत होत्या. सुंदर जागांवर घात होत होता. ह्यांच्या कपाळावर घाम आला. अर्ध्यातच त्यांनी हात खाली घेतला आणि म्हणाले, "राहू द्या."

 बाई उठल्या, पदर सावरला आणि माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "कॉफी छान होती."

माणसं गेल्यावर ह्यांनी वाद्यावर चादर टाकली. "हे वाद्य नव्हे. हे उपकरण आहे," म्हणाले. "आणि माझा कान गेलाय. हात गेला तेव्हा कान होता. आता तोही गेला." मी आयुष्यात ह्यांना रडताना पाहिलं नव्हतं, आणि त्या संध्याकाळीही नीटसं दिसलं नाही, कारण ते खिडकीकडे तोंड करून बसले होते. मला मात्र रडू आलं, आणि पाठोपाठ रागही आला. रोज दुपारी जो गंधार सुईसारखा लागायचा तो एका संध्याकाळीत कसा जाईल? कान असा जात नाही. मी प्रयोगशाळेत आयुष्य काढलं होतं. प्रयोग चुकला की मुलांना मी एकच विचारायचे: काल काय नव्हतं जे आज होतं?

काल माणसं नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी चादर काढली, वाद्य सुरू केलं आणि ह्यांना जवळजवळ ओढून खुर्चीत बसवलं. "गंधार धरा," म्हटलं. "धरून ठेवा. हलू नका." धरला. सुईसारखा. मग मी बाई बसल्या होत्या तिथे सतरंजीवर बसले, आणि छान जागा ऐकल्यावर आपण जसा हात उचलतो, तळवा वर करून, तसा उचलला.

गंधार चढला.

हात खाली घेतला, गंधार जागेवर. पुन्हा उचलला, पुन्हा चढला. ह्यांनी डोळे उघडले. मी म्हटलं, "अहो, तुम्ही बेसूर नव्हता झालात. तुम्हाला दाद मिळत होती."

ह्यांनी हात खाली घेतला. मग आठवून आठवून विचारायला लागले. "पहिल्यांदा गेला तो पंचमावरून उतरताना. तेव्हा दांडीपाशी कोण होतं?"

"बाई. मी दारातून पाहिलं. त्यांचा हात वर गेला होता."

"आणि नंतर, ती निषादाची मींड?"

"तेव्हाही."

"बाईंचा?"

"बाईंचाच. दोन्ही हात."

हे उठून मोरीत गेले आणि बराच वेळ तोंड धूत राहिले.

पुढची बैठक मी माझ्या हातात घेतली. वाद्यापासून पुरेसं अंतर मोजून फरशीवर खडूने रेघ मारली आणि सगळ्यांना रेघेपलीकडे बसवलं. शाली पांघरा, हात शालीत ठेवा, माना हलवू नका, असं बजावलं. माणसं शाळेतल्या मुलांसारखी गप्प बसली. बाई हाताची घडी घालून. ह्यांनी तोच बिहाग वाजवला आणि एकही सूर इकडचा तिकडे झाला नाही. बाई जाताना म्हणाल्या, "बरं झालं." इतक्या वर्षांनी तो शब्द पुन्हा आमच्या घरात आला. मला धन्य वाटलं.

पण त्या रात्री ह्यांनी जास्तीची एक पोळीही घेतली नाही. शेवटी मी विचारलं, तर म्हणाले, "सूर बरोबर होते ना सगळे?"

"सगळे."

"मग माझा मला काहीच पत्ता लागला नाही. कुठली जागा पोचली, कुठली नाही. पुढच्या वेळी ती रेघ पूस."

"अहो, गंधार चढेल."

"चढू दे." ताट बाजूला सारून हे उठले आणि बाहेरच्या खोलीत जाऊन सतरंजी पुढे ओढायला लागले. वाकड्या बोटांनी नीट धरता येईना, म्हणून मी दुसरं टोक धरलं. दांडीच्या अगदी बाजूला आणून त्यांनी ती पसरली. "बाई इथे बसतील," म्हणाले.

बाई तिथे बसल्या. गंधार चांगला खणखणीत चढा लागला, आणि हे डोळे मिटून हसले.